येऊरची धार

वागळे इस्टेटमध्ये संध्याकाळ जरा लवकर होते. रोड नंबर १६ वरच्या चहाच्या टपरीपाशी उभं राहिलं की पश्चिमेला येऊरचा डोंगर आडवा पसरलेला दिसतो, आणि समुद्रात बुडायच्या बराच आधी सूर्य या डोंगराआड जातो. पलीकडे बोरिवलीत ऊन रेंगाळत असतं, तेव्हा इकडे कारखान्यांच्या पत्र्यांवर सावली उतरलेली असते. सकाळी नेमकं उलटं घडतं. ठाण्यात ऊन चांगलं वर आलेलं असताना डोंगराचा पलीकडचा पायथा अजून सावलीत असतो.

माझं बालपण या लवकर येणाऱ्या संध्याकाळीत गेलं. आमच्या लेखी डोंगर म्हणजे हद्द होती, ठाणं संपतं ती जागा. बोरिवलीकरही त्याला हद्दच समजतात, फक्त त्यांच्या बाजूने. या धारेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांचा हिशोब वेगळा आहे. त्यांचं शेत, देव, सरपण, सोयरीक सगळं डोंगरावरच आहे. ठाणं आणि बोरिवली ही त्यांच्या दोन्ही अंगांना असलेली दोन टोकं. हा लेख त्या मधल्या जागेबद्दल आहे.

इथला डोंगर सह्याद्रीसारखाच लाव्हाच्या थरांचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि काळा कातळ तयार झाला. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात हे थर पुढे पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कलले. वह्यांची चळत एका बाजूला कलंडली की तिची एक कड वर उचलली जाते, तसंच इथे झालं. म्हणून या भागातल्या डोंगरांची पूर्वेकडची बाजू बहुधा उभी आणि तुटक असते, पश्चिमेकडची लांब आणि निवांत उतरणारी. उपवन तलावाच्या काठावरून मान वर केली की झाडांनी भरलेली जी भिंत समोर येते, ती त्या कललेल्या चळतीची कड आहे. सर्वांत उंच माथा समुद्रसपाटीपासून ४७० मीटरच्या जवळपास. घाटातल्या गडांशी तुलना केली तर हे काही फार नाही. पण हा डोंगर साष्टीच्या बेटावर, जवळजवळ समुद्राच्या पातळीवरून उठतो, त्यामुळे आहे त्यापेक्षा मोठा वाटतो.

धारेवर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. ज्या रेषेवर हे वाटे होतात तिला मराठीत पाणढाळ असा नेमका शब्द आहे. पाणढाळीच्या पश्चिमेला पडलेला पाऊस दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या नद्यांना मिळतो. मुंबईकरांनी या नद्यांना नाले म्हणायला सुरुवात केली, पण त्यांचा जन्म या जंगलातला आहे आणि उगमापाशी त्या आजही नद्याच आहेत, खडकांवरून उड्या मारणाऱ्या. पूर्वेकडचा पाऊस ओढ्यांनी ठाण्याच्या खाडीकडे जातो आणि उत्तरेकडे चेणा नदी तो वसईच्या खाडीत नेऊन सोडते.

दोन्ही शहरांनी आपली पहिली मोठी तहान याच डोंगरावर भागवली. मुंबईसाठी विहार तलाव १८६० साली तयार झाला आणि तुळशी १८७९ मध्ये. ही दोन्ही तळी धारेच्या पश्चिमेला. ठाणे नगरपालिकेनेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोंगराच्या पायथ्याशी ओढ्याचं पाणी अडवून पोखरणचा तलाव केला. आज आपण त्याला उपवन म्हणतो, तिथे महोत्सव भरतात, काठावर लोक फेऱ्या मारतात. पोखरण रोड नंबर १ आणि नंबर २ ही नावं त्या पाण्याच्या योजनेची आठवण आहे. रोज त्या रस्त्यावर अडकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, असा प्रश्न मला दर वेळी सिग्नलला पडतो.

पाण्यासारखेच रस्त्यांचेही दोन वाटे झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली ती डोंगराच्या पूर्वेकडून. पश्चिमेची लाईन नंतर आली, समुद्राच्या बाजूने. मध्ये धार होती, म्हणून दोन्ही लाईनी शेजारी असूनही उत्तरेला गेल्यावर एकमेकींपासून दूर जात राहिल्या. ‘सेंट्रलचा’ आणि ‘वेस्टर्नचा’ हा मुंबईच्या माणसामाणसांतला फरक, त्यावरच्या गप्पा आणि लग्नाच्या स्थळांत विचारला जाणारा प्रश्न या सगळ्यांच्या मुळाशी हा डोंगर आहे. ठाण्याहून बोरिवलीला जायचं तर घोडबंदर रोडने धारेच्या उत्तरेच्या टोकाला वळसा घालायचा, नाहीतर दक्षिणेकडून, पवईवरून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने जायचं. सरळ गेलं तर अंतर किती कमी आहे हे नकाशा दाखवतो, पण सरळ रस्ता नाही.

पायी जाणाऱ्यांना मात्र धार कधी आडवी आली नाही. पश्चिमेकडच्या उतारावर, जंगलाच्या अगदी मधोमध, कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून जास्त लेणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळपास हजार वर्षं कोरली गेलेली. तिथल्या शिलालेखांत या जागेचं नाव कृष्णगिरी असं येतं. कान्हेरी हे त्याचंच रूप. दान देणाऱ्यांच्या यादीत कल्याणचे व्यापारी आहेत, सोपाऱ्याचे आहेत, चौल आणि नाशिकचे आहेत. कल्याण तेव्हा मोठं बंदर होतं. खाडीकाठच्या व्यापाऱ्याने कमावलेल्या पैशातून डोंगरातल्या भिक्षूंसाठी पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, कोरून दिली जायची. ९० क्रमांकाच्या लेण्यात तर इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत. तोपर्यंत ठाणं शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक झालं होतं. ज्या डोंगराला आज आपण शहराबाहेरचं जंगल समजतो, तो हजार वर्षांपूर्वी बंदरं आणि राजधानी यांच्या मधला, माणसांच्या रोजच्या जाण्यायेण्यातला डोंगर होता. जंगल तेव्हाही होतं, पण ते दूर नव्हतं.

आता पाडे. पाडा म्हणजे आदिवासींची लहान वस्ती, दहावीस ते शेसव्वाशे घरांची. येऊरमध्ये पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा, भेंडीपाडा, रोनाचा पाडा असे पाडे विखुरलेले आहेत. धारेच्या पलीकडे नवापाडा, चुनापाडा आहेत आणि दक्षिणेला आरेच्या जंगलात आणखी कितीतरी. राहणारी माणसं मुख्यतः वारली. नावांकडे नीट पाहिलं तर प्रत्येकात काहीतरी ओळख दडलेली असते, कुठे झाड, कुठे कुळ, कुठे उताराची तऱ्हा.

हा शब्द डोंगरावरून खाली उतरून शहरातही राहिला. ठाण्यात ‘लोकमान्य नगर पाडा नंबर ४’ अशी पाटी असलेली बस मिळते. वागळे इस्टेटच्या मागे रूपादेवी पाडा आहे. घोडबंदर रोडवर मानपाडा आहे, आणि त्याच नावाचा एक डोंबिवलीतही आहे. कारखाने आले, कोकणातून आणि घाटावरून माणसं आली, एमआयडीसीची स्थापनाच मुळी १ ऑगस्ट १९६२ रोजी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या समारंभात झाली. नंतरच्या वर्षांत सपाट जागा संपत गेली, तशा किसननगर, श्रीनगर, रामनगरसारख्या वस्त्या डोंगराच्या पायथ्याला भिडल्या. नवीन आलेल्या कामगारांनी शेतं आणि झाडं गेलेल्या जमिनीची जुनी नावं उचलली, वाढत्या वस्तीला नंबर लावले आणि पाडे एक, दोन, तीन, चार असे झाले. त्यांतले बरेचसे राहणारे आदिवासी नाहीत. नाव मात्र ज्यांचं होतं त्यांचंच राहिलं आहे.

येऊरच्या पाड्यात आज पक्की घरं खूप आहेत, छपरावर डिश आहे, दारात मोटारसायकल आहे. तरी अधूनमधून कुडाचं घर भेटतं. कुडाची भिंत म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणमातीचा लेप. काठ्यांमध्ये फटी असतात, त्यामुळे भिंत श्वास घेते. उन्हाळ्यात अशा घरात शिरलं की सिमेंटच्या घरातला आणि इथला फरक त्वचेला लगेच कळतो. पावसाळ्याआधी लेप पुन्हा द्यायचा, कारवी सडली तर बदलायची. वरकरणी कच्चं वाटणारं हे घर दरवर्षी थोडं थोडं नवं होत राहतं.

शेती भाताची, आणि वरच्या उतारावर नागली, वरई. भाताचं रोप तयार करायची कोकणातली जुनी रीत म्हणजे राब. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या लहान फांद्या आणि गवत पसरायचं, वर मातीचा पातळ थर टाकायचा आणि पेटवून द्यायचं. तणाचं बी जळतं, जमीन भाजून भुसभुशीत होते, राख खत होते. पहिल्या पावसाला त्यात बी पेरलं की रोप जोमाने येतं. यासाठी पालापाचोळा आणि फांद्या लागतात, म्हणजे जंगल लागतं. इथेच सरकारशी पहिलं भांडण झालं. १८७८ च्या वन कायद्यानंतर इंग्रज सरकारने राखीव जंगलांवर कडक नियम लावले आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. आजचा ‘जंगल कुणाचं’ हा वाद किती जुना आहे ते यावरून कळावं. त्या वादातला एक पक्ष तेव्हा बोलू शकत होता तो लेखणी येणाऱ्यांच्या तोंडून. पाड्यावरच्या माणसाचं म्हणणं पुढेही फार काळ दुसऱ्यानेच लिहिलं.

धारेचा हा प्रदेश आधी कृष्णगिरी, मग बोरिवली आणि आता संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नावाने ओळखला जातो. क्षेत्र सुमारे १०३ चौरस किलोमीटर, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग ठाणे जिल्ह्यात आहे. ‘बोरिवलीचं नॅशनल पार्क’ म्हणणाऱ्यांना हे सांगितलं की आश्चर्य वाटतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायची नाहीत, लाकूड तोडायचं नाही, काही गोळा करून न्यायचं नाही. जंगल वाचवायला हा कायदा लागला, तो नसता तर ही धार केव्हाच इमारतींनी भरली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पाड्यावरच्या माणसाच्या दृष्टीने पाहिलं तर त्याच्या आजोबाचं नेहमीचं काम एका सरकारी कागदाने गुन्हा झालं. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही चूक मान्य केली. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासींना तिचा हक्क मागता येतो, गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मागता येतो, आणि हा कायदा राष्ट्रीय उद्यानांतही लागू आहे. कागदपत्रं, पुरावे, ग्रामसभेचे ठराव, मोजणी हा पुढचा प्रवास मात्र लांबचा असतो. पिढ्यान्‌पिढ्या राहिल्याचा पुरावा म्हणून जुन्या आंब्याकडे बोट दाखवणाऱ्या म्हाताऱ्याला आपण काय उत्तर देणार?

या वादात एक गल्लत नेहमी होते. १९९५ मध्ये उद्यानातल्या अतिक्रमणांविरुद्ध जनहित याचिका झाली, ७ मे १९९७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने झोपड्या हटवण्याचा आदेश दिला आणि पुढे हजारो घरं पाडली गेली. पात्र कुटुंबांना चांदिवलीला घरं देण्याची योजना आली. शहरात घर न मिळाल्याने डोंगराच्या कडेला आलेली कुटुंबं आणि मुळापासून जंगलात असलेले पाडे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. दोघांनाही न्याय हवा, पण तो एकच असू शकत नाही. वरून काढलेल्या फोटोत दोन्ही छपरं सारखीच दिसतात.

मला येऊरची खरी ओळख जेवणाच्या ताटातून झाली. मे संपत आला, वळवाच्या एकदोन सरी पडून गेल्या की जांभळी नाक्याच्या बाजारात आणि स्टेशनच्या रस्त्यावर डोंगरातल्या बायका टोपल्या घेऊन बसतात. टोपलीत तपकिरी-जांभळट, टोकदार कोंब असतात. ती शेवळं. जंगली सुरणाच्या जातीचं हे झाड. पान यायच्या आधीच जमिनीतून फुलोऱ्याचा दांडा वर येतो आणि तोच खायचा. वर्षातून दोनतीन आठवडेच मिळतो, नंतर पानं फुटतात आणि हंगाम संपतो. शेवळांबरोबर दुसऱ्या टोपलीत छोटी हिरवी आंबट फळं असतात. ती काकडं. दोन्ही बरोबर घ्यायची, हा नियम.

कारण शेवळं खाजरी असतात. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. आंबटात शिजवलं की ही खाज मोडते. म्हणून काकडं, नाहीतर चिंच किंवा कोकम. वरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्याच्या तळाशी असलेला पिवळा भाग टाकून द्यायचा, बाकीचं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं. ठाण्यातल्या सीकेपी घरांत शेवळांत सोडे किंवा खिमा पडतो आणि त्या दोन आठवड्यांत ती भाजी झाली नाही तर वर्ष चुकल्यासारखं वाटतं.

‘मावशी, काकडं किती देऊ?’ असं विचारणाऱ्या बाईला मी एकदा विचारलं, की शेवळं नेमकी कुठे येतात. तिने डोंगराकडे हात केला आणि सांगितलं, ‘तिथं. पण तुम्हाला दिसायची नाहीत.’ तिचं खरं होतं. कुठल्या उतारावर, कुठल्या झाडाच्या सावलीत, कितव्या पावसानंतर कोंब निघतो, कुठला काढायचा आणि कंद पुढच्या वर्षीसाठी जमिनीत कसा ठेवायचा, हे वनस्पतिशास्त्राचं ज्ञान आहे. फक्त ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पावसाचा जोर वाढला की टोपल्या बदलतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटुली, बांबूचे कोवळे कोंब. प्रत्येक भाजीचे आठदहा दिवस, आणि प्रत्येकीत एखादी युक्ती: कुठली कडू असते म्हणून उकळून पाणी टाकायचं, कुठली चिकट असते म्हणून डाळ घालायची. त्याआधी उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, ताडगोळे. आपण ज्याला ‘रानभाजी महोत्सव’ म्हणतो तो या बायका दरवर्षी रस्त्याच्या कडेला मांडतात, पहाटे डोंगर उतरून.

उन्हाळ्यात पाड्यांवर पाण्याची ओढ असते, विहिरी तळाला जातात. ज्या डोंगराने मुंबई-ठाण्याला पहिलं नळाचं पाणी दिलं त्याच्यावरच्या बाईला डोक्यावरून हंडा आणावा लागतो, याची मला लाज वाटते.

येऊरच्या माणसांचा शेजारी बिबट्या. शहरात बिबट्या दिसला की बातमी होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक बिबट्या ठाण्यात थेट कोरम मॉलच्या वाहनतळात आला होता. काही तासांनी जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात त्याला भूल देऊन पकडलं. दिवसभर टीव्हीवर तेच. पाड्यावर मात्र बिबट्या ही बातमी नसते. वारल्यांचा देव आहे वाघोबा. लाकडी किंवा दगडी पट्टीवर वाघ, बाजूला चंद्र-सूर्य, शेंदूर. दिवाळीच्या तोंडावर, आपण ज्या दिवशी वसुबारस करतो त्या दिवशी, ते वाघबारस करतात आणि वाघोबाला नैवेद्य देतात. वाघ आणि बिबट्या यांत इथे फार भेद करत नाहीत. देव दोघांचा एकच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेच्या वर ठाणी नोंदली गेली. कुणाचं जनावर बिबट्याने नेलं तर तो राग धरत नाही असं नाही, पण त्यामागे एक समजूत असते: हे त्याचंही रान आहे, आपण त्याला मान देतो, त्याने आपल्याला सांभाळावं. शहरातल्या माणसाकडे असा करार नाही, म्हणून तो लगेच पिंजरा मागतो.

पिंजऱ्याचं काय होतं ते याच धारेने शिकवलं. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसं दगावली. अभ्यासकांनी एक गोष्ट दाखवून दिली: दुसऱ्या भागांत पकडलेले बिबटे इथे आणून सोडले जात होते. अनोळखी जागेत टाकलेला, पिंजऱ्यात ताण सोसलेला प्राणी जास्त धोकादायक ठरतो. आपली जागा ओळखणारा बिबट्या माणसाला टाळतो. पुढे २०११ पासून वन विभाग आणि अभ्यासकांनी मिळून लोकांना समजावण्याचं काम हाती घेतलं. कचरा साठू देऊ नका, कारण कचऱ्यावर भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांवर बिबट्या. रात्री एकट्या मुलाला बाहेर पाठवू नका. दिसला तर गर्दी करू नका. २०१५ च्या कॅमेऱ्यांच्या गणनेत उद्यान आणि आसपास ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ मध्ये ४७. एवढ्या दाट लोकवस्तीला लागून इतके बिबटे असलेलं जंगल जगात क्वचितच सापडेल. एवढ्या संख्येने असूनही ते बहुतेक वेळा दिसत नाहीत, हे त्यांच्या कौशल्याचं फळ आहे आणि काही प्रमाणात पाड्यांच्या शहाणपणाचंही.

ही धार बेट वाटते, पण ती तशी पूर्ण तुटलेली नाही. २००९ मध्ये पारनेरच्या बाजूला विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला वाचवून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं होतं. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं होतं आजोबा. तो चालत चालत, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर तोडून वसईच्या खाडीपर्यंत आला आणि खाडी ओलांडून या जंगलात पोचला. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो गेला. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपटही आला. त्याच्या वाटेवरून एक गोष्ट लक्षात येते: तुंगारेश्वर, नागला आणि येऊर ही आपल्याला वेगवेगळी वाटणारी जंगलं त्याच्या पायांना एकच होती.

गेल्या काही दशकांत येऊरवर बंगले उभे राहिले, मग ढाबे, लग्नाचे हॉल, रात्री दिव्यांनी उजळणारी खेळाची मैदानं. शनिवारी रात्री डीजेचा आवाज खाली वर्तकनगरपर्यंत येतो. घुबड, रातवा, बिबट्या, सगळे त्या आवाजात आपापली कामं करत असतात. ५ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने उद्यानाभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, तिथे काय बांधता येईल याला मर्यादा आल्या. नियम आहेत. ते पाळले जातात का हे पाहायला डोंगरावर एक संध्याकाळ पुरेशी आहे. पाड्यावरची काही मुलं याच बंगल्यांत आणि हॉटेलांत कामाला आहेत, त्यामुळे त्यांना विचारलं तर उत्तर सरळ येत नाही. रोजगार आणि आवाज दोन्ही एकाच दारातून आले आहेत.

आणि आता धारेच्या पोटातून रस्ता जातो आहे. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन १३ जुलै २०२४ रोजी झालं. एकूण लांबी सुमारे ११.८ किलोमीटर, त्यातले सव्वादहा किलोमीटर जमिनीखालून. एक तोंड टिकुजिनीवाडीपाशी, दुसरं मागाठाण्याला. आज घोडबंदरमार्गे तेवीस किलोमीटरचा वळसा आहे, तो वाचेल. ठाण्याच्या पूर्वेकडच्या पारसिकच्या डोंगरातून रेल्वेने १९१६ मध्ये बोगदा काढला होता, एक किलोमीटर तीनशे मीटरचा, आणि तेव्हा तो केवढा मोठा पराक्रम वाटला होता. आता पश्चिमेचा डोंगर. बोगदा जमिनीखालून जात असल्याने वरच्या झाडांना फारसा धक्का लागणार नाही, असं सांगितलं जातं. तोंडापाशी मात्र जमीन लागते, खोदलेला दगड कुठेतरी टाकावा लागतो, पाण्याच्या वाटा खडकातल्या भेगांतून जात असतात. पाणढाळीच्या आतून जाणाऱ्या रस्त्याने झऱ्यांचं काय होतं, हे विहिरींची पातळी वर्षानुवर्षं मोजूनच कळेल. त्या विहिरी पाड्यांवरच्या आहेत. मोजायला तिथल्याच मुलांना शिकवलं तर किती बरं होईल.

कारवीबद्दल मी मघाशी अर्धवट सांगितलं. कारवी हे झुडूप सात वर्षं नुसतं वाढत राहतं. आठव्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी सगळीकडे एकदम फुलतं, सगळा उतार जांभळट निळा होतो, मधमाश्यांचा घुमणारा आवाज पायवाटेवरून ऐकू येतो. मग बी धरतं आणि झाड मरतं. बी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फळात राहतं, वाळलेली फळं तडतड आवाज करत फुटतात आणि बी उडतं. येऊरमध्ये आणि सगळ्या उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये बहर आला. त्या फुलांचा मध दाट आणि गडद असतो. मेलेल्या झाडांच्या सरळ, हलक्या आणि चिवट काठ्या कुडाच्या भिंतीसाठी सर्वांत चांगल्या.

म्हणजे पाड्यावरचं वय मोजायची एक रीत अशीही आहे: किती कारव्या पाहिल्या. सत्तर वर्षांच्या आजीने आठनऊ पाहिलेल्या असतात. २०२४ च्या पावसाळ्यात मी पाटोणापाड्याच्या वरच्या वाटेने चढत होते तेव्हा पुढे एक आजी आणि तिची पाचसहा वर्षांची नात चालत होत्या. नात प्रत्येक फुलापाशी थांबत होती. आजी तिला सांगत होती, की पुढच्या वेळी ही फुलतील तेव्हा तू चौदा वर्षांची असशील. आता त्या उतारावर, मेलेल्या काठ्यांच्या बुंध्यांमध्ये, नव्या कारवीची बोटभर रोपं दाटीने उगवली आहेत.